जपानच्या देवीचा निवद

मांडीवरच्या डब्यातून दहीभाताचा वास येतोय आणि मला ती जपानी अ‍ॅनिमेतली नदीची देवी आठवतेय. तेव्हा मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होते, सुट्टीला गावी आले होते. पहिल्या भागात पोरांना पाठीवर घेऊन पैलतीरी सोडणारी आमची लाडकी देवी नव्या भागात त्याच पोरांना पाण्यात ओढत होती. चाहत्यांच्या ग्रुपवर सकाळपासून नुसती बोंबाबोंब चालली होती, "पार वाट लावली", "बालपण नासवलं", आणि सगळ्यात लांबलचक शिव्या माझ्याच होत्या. शेजारी आई विहिरीतल्या साती आसरांच्या, पाण्यातल्या देवींच्या, निवदाला दहीभात कालवत होती. "कशापायी एवढी चिडलीस?" म्हणाली, म्हणून मी तिला सगळी गोष्ट सांगितली. तिनं एवढंच विचारलं, "तिला निवद कोण दाखवत होतं?" मी म्हणाले, "कुणीच न्हाई. लोकांनी धरण बांधलं, तिचं देऊळ पाण्यात गेलं." "मग चिडंल न्हाई तर काय करंल?" "आई, ती जपानची हाय! कार्टून हाय!" "जपानची हाय म्हणून उपाशी राहावं का तिनं?" म्हणत ती पत्रावळ उचलून विहिरीकडं निघून गेली. आम्ही एवढे चाहते घसा फोडत होतो, आणि एकही भाग न बघता हिला कळलं, याचाच मला जास्त राग आला. यंदा आईचे गुडघे गेले. निवदाचं काय केलं म्हणून काल भावाला फोन केला, तर म्हणाला, "आता बोअर हाय की, विहिरीवर कोण जातंय?" म्हणून हा डबा घेऊन नांदेडच्या स्टँडवर बसलेय, आणि गावाकडं जाणारी अहमदपूरची गाडी काही लागत नाही.