शेरा मारलेली कादंबरी

आयुष्यात चुका बऱ्याच केल्या, पण ही आठवली की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. चहा घ्या, सांगतो.

मी लोह्याच्या तहसिलीत कारकून. आणि मला कारकून केलं ते भोकरच्या वाचनालयातल्या कांबळे सरांनी. घरी अभ्यासाला जागा नव्हती, तेव्हा या ग्रंथपालानं वाचनालयाची किल्लीच माझ्या हातात दिली होती. चार वर्षं! आज मी दोन घास सुखानं खातो ते त्या किल्लीमुळं, हे मी कुणालाही सांगतो.

गेल्या दिवाळीत रिटायर झालेल्या सरांनी मला एक कादंबरी दिली. "वाच आन खरं सांग," म्हणाले. मुखपृष्ठावर पिस्तूल, लाल दिव्याची गाडी, आणि लेखक कुणी 'अग्निबाण'. विषय काय, तर मंत्रालयात शिजलेला सरकारी कट.

वाचायला बसलो आणि माझ्यातला कारकून जागा झाला. गुप्त फाईल सकाळी मुंबईहून निघते आणि दुपारी भोकरला पोचते म्हणे. अहो, आमच्याकडं ती शेजारच्या टेबलावर जायला आठवडा घेते! कटातले सगळे अधिकारी बैठकीला वेळेवर हजर. कुणी रजेवर नाही, कुणी दौऱ्यावर नाही. असा कट कुठं असतो का?

मग घेतलं पेन. ऑफिसात लाल शाई साहेबांची, पण घरी मला कोण अडवणार? समासात शेरे सुरू केले. 'फाईलीस जावक क्रमांक नाही.' 'खुनी परवानगीविना मुख्यालय सोडून गेला, खुलासा घ्यावा.' 'नायिका पाच पाने रडते, कारण नमूद नाही.' शेवटच्या पानावर लिहिलं, 'लेखकास विषयाची माहिती नाही. सबब प्रकरण दफ्तरी दाखल करावे.' खाली झोकात सही ठोकली.

भोकरला जाऊन पुस्तक सरांच्या हातात दिलं. ते चष्मा लावून एकेक शेरा वाचू लागले. आता हसतील, मग हसतील, म्हणून मी वाट बघत बसलो. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या.

"आवडली का रे सुधाकर, ह्यांची कादंबरी? दोन वर्षं तेच लिहून राहिले व्हते."

माझा कप तोंडापाशीच थांबला.

"सर, तसा… वेग लई भारी हाय," मी म्हणालो.

"कशाचा? फाईलीचा?"

ज्या माणसानं मला उभं केलं, त्याच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर मी लाल शाई ओतली होती. हे नातं गेलं, असंच वाटलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर सरांनीच थांबवलं.

"चाळीस जणांला वाटली. समदे म्हणले, लई भारी, सर. उघडली कुणीच न्हाई. तू शेवटापर्यंत वाचलास, पोरा. तुझे उपकार हायेत."

उपकार, आणि माझे? खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचा हात धरला.

"फकस्त एक पान राहिलं बघ तुझं," म्हणत त्यांनी पुस्तकाचं सुरुवातीचं पान माझ्यापुढं धरलं. अर्पणपत्रिका होती. 'माझा विद्यार्थी सुधाकर यास, जो वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही.'

त्याच्या खाली लाल शाईत लिहिलं होतं, 'पाहिले.' आणि माझी सही.