तीन नंबरचा दरवाजा

खाडीच्या तोंडावरच्या बांधाला सहा दरवाजे होते आणि त्यांची उघडमीट करायला एक बाई होती. कामगार तिला भरतीबाई म्हणत. नोकरभरतीत लागली आणि समुद्राच्या भरतीत अडकली, असा तिच्यावरचा जुना विनोद. सुरुवातीला तीही त्यावर पोट धरून हसायची.

काम ऐकायला सोपं होतं. भरती येऊ लागली की दरवाजे उचलायचे आणि पाणी आत घ्यायचं. भरती टिपेला पोचली की दरवाजे पाडून ते कोंडायचं. बाहेरचा समुद्र उतरला की कोंडलेलं पाणी टर्बाइनवरून सोडायचं, झाली वीज. पण भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. त्यामुळे आज सकाळी सहाला निघालेली बाई उद्या सातला निघायची, आठवड्याने भर दुपारी. ना रविवार, ना सोमवार. नवरा बस डेपोत मेकॅनिक, आठ ते पाच. पंधरवड्यातून चार-पाच दिवस दोघं एकत्र जेवत. एरवी तिच्यासाठी ओट्यावर झाकलेलं ताट. लेकीच्या शाळेत पालकसभेला आत्या जायची. वर्गशिक्षिका वर्षभर तिलाच आई समजत होत्या.

बदलीचा अर्ज बाईने चार वेळा दिला. साहेब दर वेळी म्हणायचे, बघू. मदतीला दिलेली दोन माणसं तिने तयार केली. असल्या वेळा घरच्यांना चालेनात म्हणून दोघंही सोडून गेली.

सोळाव्या वर्षी दरवाजे आपोआप चालवायचं ठरलं. एक टकला, मितभाषी इंजिनियर आला आणि आठ महिने तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसला. कुठला दरवाजा कधी कुरकुरतो, वारा समुद्रावरून असला तर पाडायची घाई का करायची, सगळं तिने हातचं न राखता सांगितलं. त्याने ते यंत्रात भरलं. साहेबांनी तिला स्टोअरची जागा दिली: दहा ते पाच, रविवारी सुट्टी. त्या संध्याकाळी नवऱ्याने भिंतीवरचं भरतीचं वेळापत्रक काढलं. मागे चौकोनी पांढरा डाग राहिला होता. तिथे काय लावायचं यावर मायलेकी अर्धा तास भांडल्या, आणि त्या भांडणात बाईला फार सुख वाटलं.

स्टोअरमधले अकरा दिवस छान गेले. ती नटबोल्ट मोजायची, डबा वेळेवर खायची.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दरवाजे पडल्याचा दणका तिने ऐकला. पाठोपाठ तीन नंबरकडून एक बारीक शीळ आली. तिचा हात थबकला. दरवाजा पुरता टेकला नाही की फटीतून पाणी असंच ओरडतं. तिने स्वतःला बजावलं, आता हे आपलं काम नाही. यंत्र आहे, इंजिनियर आहे. तिने पुढचा बोल्ट उचलला. मग तिला आठवलं की दरवाजे पडल्यावर कचरा अडवणारी जाळी साफ करणारे दोघं खालच्या बोगद्यात उतरतात, आणि आज तीन नंबरची पाळी आहे.

ती धावत सुटली. दोघांपैकी एक शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता, दुसरा अजून वरच.

"वर ये," ती म्हणाली. "दरवाजा लागलेला नाही."

"बाई, बोर्डावर हिरवा दिवा आहे."

"दिवा राहू दे. आधी वर ये."

तो वर आला. इंजिनियरने तपासलं, तर दरवाजाखाली एक ओंडका अडकलेला आणि हिरवा दिवा खोटं सांगत होता. फट हळूहळू वाढत होती. ओंडक्याने दरवाजा आणखी वर रेटला असता तर बोगद्यात उभ्या माणसाचा मागमूस राहिला नसता. बाईनेच हाताने दरवाजा दोनदा थोडा उचलून ओंडका वाहू दिला आणि मग अलगद टेकवला. शीळ थांबली. शिडीवरचा माणूस बराच वेळ जमिनीवर बसून होता.

दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. मग केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं.

"तुमच्याशिवाय इथलं पान हलायचं नाही," ते म्हणाले. "यंत्र राहील, पण शेजारी तुम्ही हव्यात."

"किती दिवस?"

साहेब टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. शिडीवरून वर आलेल्या माणसाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे होता. नाही म्हणायला तिची जीभ रेटेना.

इंजिनियर जिन्यात भेटला. ती शीळ नेमकी कशी असते, यंत्राला शिकवता येईल का, असं त्याने मनापासून विचारलं. तिने तोंडाने काढून दाखवली. एकदा, दोनदा. जमली नाही. त्याने वही मिटली.

घरी तिने सांगितलं तेव्हा लेक उठून आत गेली. नवऱ्याने ताट वाढायला घेतलं. म्हणाला, "तो माणूस वाचला ना?"

"वाचला."

"मग तू वेगळं काय करणार होतीस?"

हेच तर तिला छळत होतं. कुणावर चिडायला जागाच नव्हती. सोमवारी स्टोअरमध्ये दुसरा माणूस आला. कुठला बोल्ट कुठल्या खणात, ते तिने त्याला तासभर समजावलं, किल्ल्या दिल्या, आणि बांधाकडे निघाली. पाणी चढायला लागलं होतं.