ज्वारी बदलायला

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. टाळायला कारणं मिळतातच. कधी तब्येत, कधी मुलांचं येणं-जाणं, आणि सगळ्यांत सोयीचं कारण म्हणजे आता जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे... ज्याचं भलं व्हायला हवं होतं तो मल्लिनाथ दीड महिन्यापूर्वी गेला. त्याच्या शोकसभेत जे झालं ते झालं नसतं, तर मी बहुधा अजूनही गप्पच बसलो असतो.

सभा आमच्या कॉलनीच्या सभागृहात होती. चार जण बरं बोलले. मग कॉलनीचे एक माजी सेक्रेटरी उभे राहिले. लॉकडाउनमध्ये मल्लिनाथ ज्या चार घरांना किराणा-भाजी आणून द्यायचा, त्यांतलं एक घर यांचं. “मल्लिनाथ फार चिकित्सक हां,” ते म्हणाले, “कोरोनात जगाला जिवाची पडलेली, आणि आपले मल्लिनाथ निघाले कुठं? ज्वारी बदलायला!” सभागृह हसलं. फोटोला हार घातलेला, समोर उदबत्ती जळतेय, आणि माणसं हसतायत. पहिल्या रांगेत त्याची बायको, कस्तुरीवहिनी, मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मी व्यासपीठावर होतो, सगळ्यांत जुना मित्र म्हणून. घरी आल्यावर माझी बायको सुमन चपला काढता काढता एवढंच म्हणाली, “तुम्हीही हसलात.”

म्हणून आता लिहितो. ती ज्वारी मल्लिनाथची नव्हती. माझी होती.

मल्लिनाथ बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. काचेच्या खोलीत बसून त्यानं जवळजवळ तीस वर्षं गाड्या पुकारल्या. स्वच्छ, न घाई करता, प्रत्येक गावाला त्याचा मान देऊन. अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनीची गाडी लागली की मराठीत सांगून झाल्यावर तो तेच कानडीत सांगायचा. तसा काही नियम नव्हता. त्याचं म्हणणं असं, की गाठोडी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बायकांना आपल्या गावाचं नाव आपल्या भाषेत ऐकू आलं की धीर येतो. त्याच्या घरी कानडीच बोलायचे. सोलापुरात त्याचा चेहरा कुणी ओळखत नसे, पण भाजीच्या गाड्यावर त्यानं तोंड उघडलं की भाजीवाली मान वर करून बघायची. “स्टँडवरचं सायेब न्हवं का तुमी?” मग तो खूश व्हायचा आणि दोन जुड्या जास्त घ्यायचा.

लॉकडाउन लागला तेव्हा माझ्या बायपासला दोनच महिने झाले होते. डॉक्टरांनी फाटकाबाहेर पाऊल टाकू नका म्हणून बजावलं होतं. सुमनला दमा. समोर पद्माक्का, हातमागवाल्यांच्या घरातल्या, एकट्या, मुलगा हैदराबादला अडकलेला. पलीकडे सेक्रेटरी नवराबायको, आणि कोपऱ्यावर एक अंथरुणाला खिळलेले गृहस्थ. मल्लिनाथ चौसष्ट वर्षांचा, म्हणजे आमच्यातला तरुण. पहिल्याच दिवशी तो फाटकाशी येऊन म्हणाला, “दत्ता, याद्या लिहून ठेवा. माझे गुडघे अजून वेळापत्रकाप्रमाणे धावतात.” वहिनींना मधुमेह आहे, जोखीम त्याच्याही घरात आहे, हे तो बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. आम्हाला ते माहीत होतं, तरीही.

दुकानं अकरापर्यंत उघडी. तो साडेसातला याद्या गोळा करायचा, दुकानापुढं खडूनं आखलेल्या गोलात तासभर उभा राहायचा, एका दुकानात साखर असली तर तेल दुसरीकडं, मग भाजी, मग औषधं. स्कूटरवर पुढं-मागं पिशव्या. परतला की फाटकासमोर उभा राहून मास्कमधूनच पुकारायचा, “लक्ष द्या! पद्माक्कांची पिशवी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. दत्तोपंतांची गाडी रिफाइंड तेल न मिळाल्यामुळे उशिरानं धावत आहे.” त्या दिवसांत आम्ही हसलो असू तर तेवढंच. घरी गेल्यावर तो मागच्या अंगणात कढत पाण्यानं अंघोळ करायचा, एप्रिलच्या उन्हात, आणि बाहेरच्या खोलीत एकटा जेवायचा, एकटा झोपायचा. त्याच्या बोटांवर पिशव्यांच्या बंदांचे वळ उठले होते. ते मी पाहिले होते.

आणि आम्ही काय करत होतो? आम्ही खोट काढत होतो. पद्माक्का म्हणायच्या, “असली वांगी आणतात होय अण्णा? आत सगळं बी पडलंय की!” सेक्रेटरींना चहा एकाच छापाचा लागायचा, तो न मिळाल्यावर ते तोंड फिरवायचे. कोथिंबीर सुकलेली का, बिस्किटं गोड का, साबणाला वास का नाही... घरात कोंडलेल्या माणसांचा सगळा राग दिवसातून एकदा फाटकाशी येणाऱ्या त्या एका माणसावर निघायचा. तोंडानं आम्ही त्याला शेजारी म्हणत होतो, आणि वागवत होतो घरगड्यासारखं. गडी निदान काम सोडून जाऊ शकतो.

या सगळ्यांत मी पहिला. मी मंगळवेढ्याकडचा. काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीवर वाढलेला. नोकरीभर कचेरीत कागद चाळले, पण ज्वारीतलं मला कळतं अशी माझी स्वतःबद्दल पक्की समजूत होती, आणि ती मी चार लोकांत बोलून दाखवायचो. त्या दिवशी मल्लिनाथ पावणेअकराला आला. मी फाटकाशीच पिशवीत हात घातला, मूठभर दाणे तळहातावर घेतले.

“मल्लिनाथ, ही मालदांडी नव्हे.”

“दुकानदार तर मालदांडीच म्हणाला की.”

“तो म्हणणारच. दाणा बघ. ना चमक, ना टपोरा. बदलून आण.”

“आत्ता? अकरा वाजत आलेत, दत्ता.”

“स्कूटरवर पाच मिनिटांचं काम.”

आतून सुमन म्हणाली, “अहो, राहू द्या. चांगली आहे ज्वारी.” मी म्हणालो, “तुला काय कळतंय त्यातलं?” आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधून तिला माझी दुहेरी गाठ मारली, वाटेत सांडायला नको म्हणून. मल्लिनाथनं बाहीनं कपाळ पुसलं, “बरं,” म्हणाला आणि स्कूटरला किक मारली.

तो परत आला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहऱ्यावर मास्क, डोळे लाल. मला वाटलं, ऊन. त्यानं पिशवी फाटकाच्या आत ठेवली. “बदलून आणली,” म्हणाला. मी गाठ सोडली, मूठ भरली, दाणे उन्हात धरले.

“हं! आता कसं. ही बघ खरी मालदांडी. डोळ्यांना कळतं.”

“व्हय,” मल्लिनाथ म्हणाला. “तुला कळतं.” आणि कंपाउंडच्या भिंतीला हात लावत लावत घरी गेला. स्कूटर आमच्या दारातच राहिली.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. कुणाला तो कुणाकडून आला होता, त्याला आणखी कुणाकडून. चौक, मागं दुकानांची शटर खाली ओढलेली, बंदोबस्ताच्या काठ्या. मध्यभागी कान धरून उठाबशा काढणारा एक म्हातारा माणूस. तोंडावर मास्क, त्यामुळे कुणीही असता. फोन धरणारा विचारतो, “काका, कुठं निघाला होता?” आणि तो माणूस स्वच्छ, न घाई करता सांगतो, “ज्वारी बदलायला.” अख्ख्या सोलापूरनं ज्या आवाजावर भरवसा ठेवून गाड्या पकडल्या तो आवाज. मग हशा. “ऐका! लोक मरायला लागलेत आन् काकांना ज्वारी पसंत पडंना! मोठ्यानं मोजा की काका!” आणि तो मोजतो. प्रत्येक आकडा सुटा, ठळक. चौदाला उठता येत नाही, तो जमिनीला हात टेकतो आणि हळूच म्हणतो, “साकु...” कानडीत साकु म्हणजे पुरे. फोनवाल्याला ते कळलं नसावं. “पुढं, काका, पुढं!”

नियम मोडला म्हणून त्याला परत पाठवता आलं असतं, स्कूटर ठेवून घेता आली असती. चौसष्ट वर्षांच्या माणसानं भर चौकात, भर उन्हात कान धरायचे, हे कुठल्या नियमात लिहिलं होतं? आणि बंदोबस्तावरची माणसं निदान दमलेली, वैतागलेली असतील. तो फोनवाला कशानं दमला होता? त्याला त्यात गंमत काय दिसली? इतकी वर्षं मी त्या न पाहिलेल्या माणसावर चडफडत आलो आहे. त्याच्यावर चडफडलं की स्वतःकडं बघावं लागत नाही, हेही मला ठाऊक आहे.

कारण त्या व्हिडिओत मी आणखी एक पाहिलं होतं. स्कूटरच्या पायापाशी निळ्या चौकड्यांची पिशवी, सुमननं शिवलेली. तिच्या तोंडाला सुतळी, सुतळीला माझी दुहेरी गाठ. दुकानं बंद झालेली. म्हणजे ती पिशवी उघडलीच गेली नव्हती. दुपारी उन्हात धरून मी जिला खरी मालदांडी म्हणालो, ती सकाळचीच ज्वारी होती... तेच दाणे.

सुमननंही पाहिलं. “ही आपली पिशवी,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “फोन करा त्यांना.” मी केला नाही. ग्रुपवर एकामागून एक हसरे चेहरे येत होते. “हे तर आपले अनाउन्सर!” “या वयात जिभेचे किती चोचले!” सेक्रेटरींनी तर घरात राहण्याच्या कर्तव्यावर चांगला परिच्छेद लिहिला, त्यांचा चहा त्याच सकाळी मल्लिनाथनंच आणला होता. मी एक ओळ लिहायला हवी होती. मी लिहिली आणि पुसली. मग वाटलं, सगळे बोलतायत आणि आपणच गप्प राहिलो तर कुणाला शंका येईल. म्हणून मीही एक हसरा चेहरा टाकला. त्या ग्रुपमध्ये मल्लिनाथ होता.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तो दारात उभा. “यादी?” एवढंच. पुढं तीन महिने तो आम्हा चार घरांना पोसत राहिला, पण फाटकाशी पुकारणं बंद झालं. पिशवी ठेवायची, बेल दाबायची, निघायचं. पद्माक्कांनी एकदा विचारलं, “अण्णा, आज फलाट नाही?” तर म्हणाला, “स्टँड बंद आहे, अक्का.”

ते कायमचंच बंद राहिलं. पुढं जग उघडलं, लोक विसरतील असं वाटलं, पण लोकांना ते शब्द आवडले होते. किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत कुणीतरी हाक मारायचंच, “काय काका, ज्वारी बदलायला?” तो हात वर करायचा, जणू नमस्कारच. गणपतीत दर वर्षी माईक त्याच्याकडं असायचा. त्यानं तो पुन्हा हातात घेतला नाही. त्याला सांगता आलं नसतं का, की ज्वारी कुणाची होती? त्याला चौकात विचारलं असणार, दुकानात विचारलं असणार, वहिनींनी तर नक्कीच विचारलं असणार. माझं नाव कुठंच आलं नाही. आलं असतं तर एव्हाना माझ्या कानावर पडलं असतं; आमची कॉलनी काही मोठी नाही. लोकांनी त्याला हट्टी, चोखंदळ, जिभेचे लाड करणारा ठरवलं. तो आयुष्यभर समोर येईल ते जेवला. वहिनींना विचारा. भाजीत मीठ नाही हेसुद्धा त्यानं कधी सांगितलं नाही.

आणि मी? मी त्याच्या घरी जात होतो, चहा पीत होतो, क्रिकेट बघत होतो. दर वेळी निघताना वाटायचं, पुढच्या वेळी. त्याची मूत्रपिंडं बिघडली, डायलिसिस सुरू झालं, तेव्हाही पुढच्या वेळी. तो जाण्याच्या आठवडाभर आधी मात्र मी ठरवूनच गेलो. घरून निघताना सुमनला सांगून गेलो, म्हणजे माघार घेता येऊ नये. तो खिडकीशी पलंगावर होता, पायांवर सूज, चेहरा लहान झालेला. वहिनी आत काहीतरी शिजवत होत्या. मी खुर्ची ओढली. घसा साफ केला. वाक्य तयार होतं, पण आधी पाण्याचा विषय निघाला, मग महापालिकेचा, मग डॉक्टरांचा. मी बोलत होतो, तो ऐकत होता. मग तो मध्येच म्हणाला,

“दत्ता, एक विचारू? राग नको मानूस.”

“विचार की.”

“नुसतं दाणा बघून मालदांडी ओळखता येते का रे, खरंच?”

तो माझ्याकडं बघत होता. डोळ्यांत ना टोमणा होता, ना राग. फलाटावर उशिरा पोचणाऱ्या माणसासाठी त्यानं गाडी थांबवून धरली होती, दार उघडं ठेवून. मला फक्त चढायचं होतं.

“येते की,” मी म्हणालो. “आमच्याकडच्या माणसाला येते.”

“व्हय,” तो म्हणाला, आणि वहिनींना हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

नाही येत, मल्लिनाथ. मला तर कधीच येत नव्हती. एवढंच म्हणायचं होतं...