पाणी घेतलं ना!

मंडळी, दुपारची गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

राहात्याजवळ देवळाच्या वाटेवर आमचं पेढे-नारळाचं दुकान आहे. आलेल्या यात्रेकरूला आधी गूळ-पाणी द्यायचं, मग काय हवं ते विचारायचं, ही आमच्या गल्लीची रीत. कोरोनापासून जो तो आपली बाटली घेऊन येतो. तरी ऐंशी ओलांडलेली माझी आई रोज माठ भरतेच.

आज एक म्हातारे गृहस्थ थांबले, तांब्याभर पाणी प्यायले आणि तसेच निघून गेले.

मी वैतागलो. "बघ, साधा नारळसुद्धा घेतला नाही."

आई म्हणाली, "पानी घेतलं ना! पटकीच्या साली त्ये बी कुनी घेत न्हवतं."

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, मी शाळेत होतो. जगभर फिरणारी कॉलऱ्याची, म्हणजे पटकीची साथ आमच्याकडेही आली. जत्रा बंद झाली, अख्ख्या गल्लीचा धंदा बसला. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. साथ ओसरल्यावर लोक आले, पण आमच्या हातचं पाणी नको म्हणायचे. पाणी नको, म्हणजे पेढेही नकोत. त्यांचंही काही चुकत नव्हतं. पण ऐन दुष्काळात आई ते पाणी लांबून डोक्यावर आणायची, आणि संध्याकाळी माठ तसाच भरलेला असायचा.

आज माठ थोडा उतरलाय. आई मघापासून त्याच्याकडेच बघतेय.

तुम्ही अनोळखी दारचं पाणी शेवटचं कधी प्यायलात?