नळाजवळचं लाल कापड

कसब्यातून बस पकडून आमच्या कोथरूडच्या शाळेत गोधडी शिकवायला येणाऱ्या त्या बाई दिसल्या की मी, शाळेची क्लार्क, मुकाट्याने पेन खाली ठेवत असे. त्या सुई केसांतून फिरवून मगच कापडात घालत, आणि बोलतही टोचूनच. "मॅडम, खुर्ची गरम करून झाली असेल तर दोरा ओवून द्या."

वर्गात मराठी मुलांबरोबर तमिळ, बिहारी, पंजाबी मुलंही होती. प्रत्येकाने घरातलं वापरलेलं सुती कापड आणायचं होतं. कुणी आजीचं लुगडं आणलं, कुणी वडिलांची लुंगी. वॉचमनच्या नेपाळी मुलीने मात्र नवंकोरं लाल कापड आणलं. गावाहून नुकत्याच आलेल्या त्या कुटुंबाकडे टाकण्यासारखं जुनं काहीच नव्हतं.

"गोधडीत नवं चालत नाही. जे कुणाच्या अंगाला लागलं नाही, ते ऊब काय देणार?" बाई म्हणाल्या. मुलीची मान खाली गेली. मला बाईंचा रागच आला.

बाईंनी ते कापड उचललं आणि नळाशेजारच्या खिळ्याला अडकवलं. "आजपासून डबा खाल्ल्यावर सगळ्यांनी हात यालाच पुसायचे."

पंधरा दिवसांत ते मळलं, विटलं, मऊ झालं. बाईंनी ते स्वतः धुऊन आणलं आणि गोधडीच्या बरोबर मधोमध लावलं.

प्रदर्शनाला आलेल्या एका पालकांनी विचारलं, "हा मधला तुकडा कुणाचा?"

सगळ्या वर्गाचे हात वर गेले. त्या मुलीचा तेवढा खाली होता. ती तो लाल कापडावरून हळूहळू फिरवत होती.