भिंतीवरचा मासा

गोकुळाबाईनं गावातली दारू बंद पाडली, हे चामोर्शीच्या बाजारात तिच्याकडून मासोळ्या घेणाऱ्यांनाही ठाऊक होतं. दारूसाठी आंबवलेल्या मोहाच्या सडव्याची मडकी ती स्वतःच्या हातानं फोडायची. पण पिऊन पडायचा तो तिचाच पोरगा, सुरेंद्र. लोक तोंडावर काही बोलत नसत, पाठीमागे मात्र सगळं बोलत.

धनराज 'डॉक्टर'नं तालुक्याला व्यसनमुक्ती केंद्र काढलं, तेव्हा तिनं सुरेंद्रला पहिला नेऊन घातला. बाईनं स्वतःचा दिला म्हटल्यावर गावातल्या आणखी तिघींनी आपापली पोरं धाडली. दर पोरामागं धनराजकडून बाईला एक साडी आली, सत्कार म्हणून. तिनं घेतली. कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

महिनाभर भेटी बंद होत्या. मग ती गेली. सुरेंद्र खाटेवर बसून होता, लाळ हनुवटीवर आलेली. त्यानं तिला पाहिलं आणि ओळख दिली नाही. कोणत्या गोळ्या देता, असं विचारलं तर धनराजनं भिंतीवरच्या इंग्रजी प्रमाणपत्राकडं बोट केलं. काच, सोनेरी चौकट, सगळा थाट. बाईला इंग्रजी कुठलं यायला? पण कोपऱ्यातला मासा आणि खालचा गोल शिक्का तिनं ओळखला. ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीतल्या बायांना तळ्यात मत्स्यबीज सोडायचं तीन दिवसांचं शिक्षण मिळालं होतं. त्याचा असाच कागद तिच्याही पेटीत होता.

"धनराजभाऊ, हा तं मासोळ्याचा कागद होये."

तो हसला. "कागद कोण वाचते, बाई? तपासणीले माहा साळाच येते. आन् पोरं तं तुमीच आणून राह्यले."

एरवी तिनं चौकट आपटून फोडली असती. त्या दिवशी रागच आला नाही. बाकीच्या तिघांना सोड म्हणाली, तर तो म्हणे, ज्याच्या त्याच्या मायनं यावं. तिनं सुरेंद्रचा हात धरला. दावं धरलेल्या बैलासारखा तो मागं आला.

गावात आल्यावर ती आधी नीलाबाईकडं गेली. तिचा लच्छू अजून केंद्रातच होता. नीलाबाई जाळं सांधत होती. गोकुळाबाईनं सगळं सांगितलं, साड्यांसकट.

"उद्या सकाळच्या गाडीनं चौघी जाऊ," ती म्हणाली.

नीलाबाईनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला. "तू नको येऊ, बाई. आमी तिघी जाऊ."

सकाळी तिघी तिच्या दारावरूनच फाट्याकडं गेल्या. कोणी आत पाहिलं नाही. गोकुळाबाई सुरेंद्रला पेज भरवत होती. चमचा जवळ आला की तो तोंड उघडायचा, दूर गेला की तसंच उघडं ठेवायचा.