धपाट्यांचं वजन

जिंतूरच्या बाजूच्या डोंगरांवर आम्ही तिघं रविवारी चढायला जातो. दोघे मित्र तिथलेच. एकाचं किराणा दुकान, दुसरा शिक्षक. मी परभणीहून पहिल्या बसनं जातो. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून आमचा सगळा जोर पाठीवरची बॅग हलकी करण्यावर आहे. दुकानातल्या काट्यावर तिन्ही बॅगा चढतात. ज्याची जड भरेल त्यानं तिघांचं पाणी वाहायचं, असा कायदा.

त्यामुळे डोकी लय चालली. शिक्षकानं टूथब्रशची दांडी करवतीनं कापली. आम्ही संध्याकाळी घरीच असतो, मग ब्रश कशाला, हे कुणालाच सुचलं नाही. दुकानदारानं कंगवा अर्धा मोडला. म्हणाला, केसं तरी कुठं पुरे राहिलेत. कांदे घरूनच सोलून आणायचे, केळी वजन करायच्या आधीच पोटात घालायची. शिक्षकानं चष्म्याचं घर घरी ठेवलं आणि त्याच दिवशी चष्म्यावर बसला.

माझी युक्ती मात्र मी कुणाला सांगितली नव्हती.

बायको पहाटे उठून ज्वारीचे धपाटे करायची. सोबत ठेचा, दही, सगळं स्टीलच्या तीन पुडाच्या डब्यात. "मित्रांनाबी द्या," म्हणायची. तो डबा काट्यावर गेला असता तर पाणी कायमचं माझ्याच पाठीवर. म्हणून पहिल्याच रविवारी मी तो बसमध्ये कंडक्टरच्या हवाली केला. त्यानं आणि ड्रायव्हरनं खाल्लं, आणि परतीच्या फेरीत डबा घासूनपुसून दिला.

"कसे झालते?" घरी आल्यावर बायकोनं विचारलं.

"लय चांगले. मित्र बोटं चाटत बसले."

"डबाबी घासून देतेत. चांगल्या घरचे दिसतेत."

पुढच्या रविवारी डब्यात चार धपाटे वाढले. नंतर शेंगदाण्याचे लाडू आले. मी जितकी तारीफ घरी आणायचो तितका डबा फुगायचा. डबा भरताना तिचा चेहरा पाहिला की वाटायचं, सांगून टाकावं. नाही सांगितलं. अशी दोन वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "मीबी येते. इतकं आवडीनं खाणारी माणसं बघू तरी."

बसमध्ये डबा तिच्या मांडीवर होता. कंडक्टरनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तिकिटं देऊन मुकाट पुढं गेला. दुकानात तिचा डबा काट्यावर गेलाच नाही. "वहिनीच्या सामानाला काटा न्हाई," दुकानदार म्हणाला.

वर पोचल्यावर तिनं डबा उघडला. शिक्षकानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वहिनी, तुमच्या हातचं आज पहिल्यांदाच खायलोय. यांनी तर आमाला बिस्किटावर ठेवलंय."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग त्याला आणखी एक धपाटा वाढला.

उतरताना मित्र पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "मंग इतके दिवस कोण खायलं होतं?"

"कंडक्टर."

"एकटाच?"

"ड्रायव्हरबी."

एका दगडावरून जपून पाय टाकत ती म्हणाली, "ते काय म्हणायचे?"

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त भीत होतो. आता खोटं बोलवेना. "ठेच्यात मीठ जास्त असतं म्हणायचे."

ती थांबली. "असतंय. पहाटच्या गडबडीत कधी कधी दोनदा पडतंय. आन् तुमी दोन वर्षं लय चांगलं, लय चांगलं करत बसलात."

चुकलं म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "डबा घेऊ का माझ्याकडं?"

"राहू द्या," रिकामा डबा दुसऱ्या हातात घेत ती म्हणाली. "जड होईल तुमाला."

परतीला तीच बस, तोच कंडक्टर. तो जवळ आला तशी तीच त्याला म्हणाली, "भाऊ, पुढल्या रविवारी तुमचा डबा वेगळा देते. मीठ कमी करून. कसं झालं ते मलाच सांगत जा. यांना विचारून काई कळत न्हाई."

कंडक्टरनं मान डोलावली. दोन तिकिटं काढली आणि दोन्ही तिच्या हातात दिली.